महागडी गाडी खड्ड्यात आदळते, कडक वाटते? शॉकअप बदलायच्या आधी हे सगळं या क्रमाने बघा

"गाडी फार कडक झालीये" हे वाक्य मी कायम ऐकतो, पण हेच वाक्य बोलणाऱ्या चार जणांच्या गाडीत चार वेगळे दोष निघतात. म्हणून आधी लक्षण नीट पकडा, पाना नंतर हातात घ्या. एरवी आरामदायी असलेली मोठी गाडी दणके द्यायला लागली की बहुतेक लोक थेट शॉकअपवर जातात, आणि मोठ्या गाड्यांचे शॉकअप महाग असतात, त्यात ते इलेक्ट्रॉनिक असले तर फारच. चारही बदलून झाल्यावर गाडी जशीच्या तशी आदळते, कारण दोष टायरमध्ये नाहीतर एखाद्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात होता. हे मी इतक्या वेळा बघितलंय की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

लक्षणं

रस्त्यावरची प्रत्येक बारीक गोष्ट, डांबराचा पॅच, पुलाचा जॉइंट, खडी, सगळं सीटमधून आणि स्टिअरिंगमधून टकटक जाणवतं, पण मोठ्या स्पीडब्रेकरवरून गाडी आरामात जाते. असं असेल तर नव्वद टक्के वेळा विषय टायरचा किंवा हवेचा असतो असं माझं मत, शॉकअपचा नाही.

लहानसहान खड्डे ठीक जातात पण मोठा खड्डा किंवा ब्रेकर आला की धप्प करून काहीतरी टेकल्यासारखा दणका बसतो, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल संपतेय आणि गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या शेवटी लावलेल्या फोमच्या ठोकळ्यावर बसतेय. गाडी खाली बसलीये, किंवा वजन जास्त आहे, किंवा शॉकअप गेलाय, नाहीतर बंप स्टॉपचाच भुगा झालाय.

एकाच कोपऱ्यातून खट किंवा टकटक असा आवाज येतो आणि आवाजामुळे गाडी कडक वाटते. हे लिंक रॉड (सस्पेन्शनमधला जोडणारा छोटा दांडा), माउंटिंग (शॉकअप बॉडीला जिथे बसतो तिथलं रबर) किंवा बुश.

ब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते, हायवेवर लाटेसारखी वरखाली होते. हा कडकपणा नाहीच, उलट शॉकअपचा दम गेलाय, पण मागे बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच वाईट वाटतं म्हणून तक्रार "कडक आहे" अशी येते.

काल ठीक होती आणि आज सगळीकडून एकदम ताठ, वर डॅशबोर्डवर चेसिसचा किंवा सस्पेन्शनचा मेसेज. इथे इलेक्ट्रॉनिक शॉकअप किंवा एअर सस्पेन्शनकडे (स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या) बघायचं.

ठराविक स्पीडलाच, बहुतेक वेळा ९० ते ११० च्या आसपास, स्टिअरिंग थरथरतं आणि स्पीड बदलला की थांबतं, हे बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. आणि गाडी उभी असताना, नुसतं इंजिन चालू असताना थरथर जाणवत असेल तर ते इंजिन माउंट, सस्पेन्शनचा काही संबंध नाही, इथूनच वेगळ्या वाटेने जा.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारा, कधीपासून? टायर बदलल्यापासून, सर्व्हिसिंगवरून आल्यापासून, हळूहळू वर्षभरात, की नवी घेतल्या दिवसापासून? या उत्तराने अर्धी तपासणी वाचते.

आधी थोडं समजून घ्या की आराम येतो कुठून

आरामदायी गाडीची बॉडी स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होईल अशी बांधलेली असते, ती संथ हालचाल शरीराला चालते. चाक आणि ॲक्सल मात्र सेकंदाला १० ते १५ वेळा या हिशोबाने उड्या मारू शकतात. माणूस बसलेला असताना त्याला उभ्या दिशेतला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या हादऱ्यांचा. मोठे चढउतार सांभाळायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं, आणि बारीक झपाझप हादरे खायचं काम टायर, रबरी बुश आणि माउंटिंगचं. म्हणजे टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे, तीच दगडासारखी असेल तर वरचं कितीही भारी सस्पेन्शन काही करू शकत नाही. खालचा सगळा क्रम याच्यावरच ठरवलाय.

फुकटातल्या तपासण्या

ड्राइव्ह मोड. हसू नका, खरंच बघा. कम्फर्टमध्ये आहे ना? बऱ्याच गाड्यांत इंडिव्हिज्युअल नावाचा मोड असतो, त्यात इंजिन, स्टिअरिंग, सस्पेन्शन वेगवेगळं सेट करता येतं आणि घरातल्या कुणीतरी सस्पेन्शन स्पोर्टवर ठेवलेलं असतं. काही गाड्यांत हे सेटिंग किल्लीप्रमाणे किंवा प्रोफाइलप्रमाणे लक्षात राहतं, त्यामुळे एका किल्लीने गाडी मऊ आणि दुसरीने कडक असंही होतं. दोन्ही किल्ल्यांनी, तोच रस्ता, तोच स्पीड, करून बघा. कम्फर्ट आणि स्पोर्टमध्ये काहीच फरक जाणवत नसेल तर तेही लिहून ठेवा, ते पुढे फार कामाला येतं.

मग डिकी रिकामी करा, आणि सीट बघा. सीटमध्ये हवेच्या पिशव्या असतात कमरेच्या आधारासाठी, त्या पूर्ण फुगवून ठेवल्या किंवा सीटचा फोम दबला की दणका थेट मणक्याला लागतो. शेजारच्या सीटवर बसून कुणालातरी गाडी चालवायला सांगा, तिथे बरं वाटलं तर सस्पेन्शनला हात लावू नका.

हवा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो कारण इथेच सगळ्यात जास्त गाड्या बऱ्या होतात.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुतेक वेळा दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. समजा पहिल्या रकान्यात पुढे २.३ आणि मागे २.५ बार लिहिलंय, आणि दुसऱ्यात पुढे २.६ आणि मागे ३.०. हवा भरणारा मोठा आकडा बघतो आणि चारही चाकांत ३.० म्हणजे जवळपास ४४ पीएसआय मारून देतो, तुम्ही एकटे ऑफिसला जाता आणि पुढची चाकं ३३ च्या जागी ४४ वर पळतात. टायर फुगवलेला म्हणजे ताठ, आणि डॅशबोर्डवर काही येत नाही कारण बहुतेक गाड्यांत टायर प्रेशरचा दिवा हवा कमी झाली तरच लागतो, जास्त झाली तर गप्प बसतो. काही गाड्यांच्या स्टिकरवर तिसरा, आरामासाठीचा वेगळा आकडाही असतो, तो कमी स्पीडच्या आणि कमी वजनाच्या अटीवर असतो, ती अट वाचूनच वापरा.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. चालून गरम झालेल्या टायरमध्ये ४ ते ६ पीएसआय सहज जास्त दिसतात, आणि तो आकडा बघून हवा काढली तर सकाळी टायर कमी हवेवर येतो, ते धोक्याचं आहे, टायरची बाजू आतून तापून फुटू शकते. हवामानाचाही परिणाम होतो, तापमान १० अंशांनी वर-खाली झालं की साधारण ०.१ बारचा फरक पडतो. त्यामुळे थंडीत भरलेली हवा उन्हाळ्यात आपोआप जास्त होते आणि लोक म्हणतात की उन्हाळा आला आणि गाडी कडक झाली. स्वतःचा एक चांगला गेज ठेवा आणि कायम त्याच गेजने मोजा.

दोन गोष्टी अजून. मऊ वाटावी म्हणून स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवू नका, जड गाडीत तर अजिबात नाही. आणि नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरून आल्यावर मऊ वाटली असेल तर भरणाऱ्याने प्रेशर बरोबर केलं म्हणून.

टायर स्वतःच

हवा बरोबर करूनही बारीक हादरे तसेच असतील तर टायरची बाजू वाचा. तिथे आरएफटी, आरओएफ, एसएसआर, झेडपी, एमओई, आरएससी अशी काही अक्षरं दिसली तर तो रनफ्लॅट टायर आहे. पंक्चर झाल्यावर, हवा शून्य असतानाही गाडी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाऊ शकावी म्हणून त्याच्या बाजूच्या भिंती जाड आणि कडक रबराने मजबूत केलेल्या असतात, आणि तीच जाडी रोज तुमच्या पाठीला जाणवते. नवे रनफ्लॅट आधीच्या पिढीपेक्षा बरेच मऊ आलेत, पण साध्या टायरइतके नाहीत. जुने रनफ्लॅट काढून साधे चांगले टायर लावल्यावर गाडी ओळखू येणार नाही इतका फरक पडलेला मी बऱ्याच गाड्यांत बघितलाय.

पण हे करताना विचार करा. अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसतेच, ठेवायला जागाही नसते, मग पंक्चरचं लिक्विड आणि छोटा पंप कायम गाडीत हवा आणि बाजू फाटली तर टोइंगशिवाय पर्याय नाही हे मनाशी ठरवून ठेवा. चारही टायर एकदम बदला, रनफ्लॅट आणि साधे मिसळू नका, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) किंवा स्पीड रेटिंग (किती वेग पेलतो) गाडीच्या पुस्तकात दिलंय त्यापेक्षा खालचं घेऊ नका.

मग साइज. उदाहरण घ्या, २२५/५५ आर १७, २४५/४५ आर १८ आणि २४५/४० आर १९, तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ६७८ ते ६७९ मिलिमीटर. पण टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, पहिल्यात १२४, दुसऱ्यात ११०, तिसऱ्यात ९८ मिलिमीटर. १७ वरून १९ वर गेलात की २६ मिलिमीटर गादी गेली आणि वर रिमचं वजनही बहुतेक वेळा वाढलं, आणि चाक जितकं जड तितकं ते खड्ड्यात शॉकअपच्या हाताबाहेर जातं. दिसायला मोठी रिम छान असते हे मान्य, पण आराम हवा असेल तर कंपनीने त्या मॉडेलला मंजूर केलेली सगळ्यात लहान रिम हाच सगळ्यात खात्रीचा उपाय, मी तरी हाच सुचवतो. फक्त ती रिम ब्रेक कॅलिपरवरून बसते ना हे आधी बघा, मोठ्या ब्रेकच्या मॉडेलला लहान रिम बसत नाही.

वय पण बघा. बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच भरपूर शिल्लक आहे म्हणून लोक टायर ठेवतात, पण रबर वयाने कडक होतं, कमी चालणाऱ्या गाड्यांत तर हे हमखास. पाच-सहा वर्षं झालेला, बाजूला बारीक भेगा पडलेला टायर असेल तर आरामाच्या आधी सुरक्षिततेसाठीच बदला. बदलायला गेलात की रिम फिरवून बघायला सांगा, आतल्या बाजूने वाकलेली रिम बाहेरून दिसत नाही.

गाडी मुळातच तशी आहे का

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितो. एकाच मॉडेलमध्ये कम्फर्ट आणि स्पोर्ट अशी वेगळी सस्पेन्शन येतात, स्पोर्ट पॅकेजमध्ये बऱ्याचदा स्प्रिंग आखूड आणि कडक असतात, गाडी १०-१५ मिलिमीटर खाली असते. शेजाऱ्याची तीच गाडी मऊ आणि तुमची कडक, तर दोष असेलच असं नाही. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून गाडी कारखान्यातून कुठल्या सस्पेन्शनसकट निघाली ते काढून घ्या. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने बाहेरचे लोअरिंग स्प्रिंग टाकलेत का तेही बघा. स्प्रिंगचा रंग किंवा त्यावरचा पार्ट नंबर कारखान्याच्या माहितीशी जुळत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

आणि नवीन गाडी पहिल्या दिवसापासून भयंकर कडक असेल तर एक फार साधी गोष्ट. जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधून नेताना गाडी हलू नये म्हणून काही गाड्यांच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे अडकवतात. ते डिलिव्हरीच्या आधी काढायचे असतात आणि कधीकधी राहून जातात. चाक पूर्ण वळवून टॉर्चने स्प्रिंगकडे बघा, दिसला तर स्वतः ओढू नका, वॉरंटीत ते काढून देणं त्यांचं काम आहे.

मोजपट्टी घ्या

गाडी सपाट जागेवर, रिकामी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ माप घ्या, चारही कोपऱ्यांत. टायर कमी-जास्त झिजलेले असले तरी मध्यापासून मोजल्याने फरक पडत नाही, म्हणून जमिनीपासून मोजू नका. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर तो कोपरा संशयाचा, स्प्रिंग तुटलेली असू शकते, खालचं अर्धं वेटोळं तुटून वाटीत पडलेलं असतं आणि वरून काही कळत नाही. खाली बसलेल्या कोपऱ्यात चाकाला वर जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ते बंप स्टॉपवर आपटतं, त्यालाच आपण कडक म्हणतो.

एअर सस्पेन्शन असेल तर हेच माप रात्री गाडी लावताना आणि सकाळी दरवाजा उघडायच्या आधी घ्या. दरवाजा उघडायच्या आधी का, तर बऱ्याच गाड्या दरवाजा उघडला की जाग्या होतात आणि कंप्रेसर लेव्हल करून टाकतो, पुरावा गेला.

इथून पुढे गाडी उचलावी लागते

घरच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावल्याशिवाय तर हात पण घालू नका. एअर सस्पेन्शनच्या गाडीत आधी मेनूमधून जॅक मोड चालू करावा लागतो, नाहीतर गाडी स्वतःच उंची बदलायला जाते आणि टायर आणि मडगार्डच्या मधे हात असेल तर चिरडतो. लिफ्ट नसेल तर या पायरीपासून गॅरेजला द्या, पण काय बघायचं ते सांगून द्या.

लिंक रॉड आधी, कारण ते स्वस्त आणि बदलायला सोपे. त्यांचे बॉल जॉइंट ढिले झाले की खडबडीत रस्त्यावर टकटकाट होतो, सलग ब्रेकरवर जिथे दोन्ही चाकं एकदम वर जातात तिथे आवाज कमी. त्यानंतर वरचं माउंटिंग, रबर फाटलं की प्रत्येक हादरा थेट बॉडीत जातो. बंप स्टॉपचा फोम वयाने भुगा होतो, शॉकअपच्या दांड्यावर पिवळे किंवा काळे तुकडे दिसले की समजा.

आता बुश. मोठ्या गाड्यांच्या लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यात, बऱ्याचदा आत द्रव भरलेले हायड्रॉलिक बुश असतात, बारीक हादरे खायला. ते फुटले की आर्मवर तेलकट काळा ओघळ दिसतो, लोक त्याला शॉकअपचं लिकेज समजतात. फुटलेल्या बुशने ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि खड्ड्यात पुढून खणखणीत धक्का येतो. पार्टच्या हिशोबाने हे शॉकअपपेक्षा बरंच स्वस्त काम आहे.

आणि बुशबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीये ती ही. रबरी बुश आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबकळतायत, आर्म खाली झुकलाय, आणि मेकॅनिकने त्याच अवस्थेत आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला. गाडी खाली आली, आर्म वर आला, पण नळी तर आवळलेल्या जागी घट्ट, मग रबर कायमचं पिळलेलं राहतं. आता तो बुश दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करतो, गाडी किंचित उंच आणि ताठ राहते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बरोबर पद्धत म्हणजे बोल्ट हलका लावायचा, चाकांवर वजन येऊ द्यायचं किंवा आर्मखाली जॅक लावून कारखान्याने दिलेल्या उंचीवर आणायचं, आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळायचं. तुमची तक्रार आर्म, बुश किंवा शॉकअपचं काम केल्यापासून सुरू झाली असेल तर नवीन पार्ट घेऊ नका, आधी सगळे बोल्ट ढिले करून चाकांवर वजन असताना परत आवळायला सांगा. फक्त कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट असतील तर ते नवीन घ्यावे लागतात. एवढ्यानेच गाडी सुटल्यासारखी मोकळी होते.

शॉकअप

आता, इथे. अंगावर तेलाचा पुसट धुरकट थर असेल आणि त्यावर धूळ चिकटली असेल तर ते चालतं, दांड्याबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर शॉकअप गेला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा डोलते ही जुनी चाचणी साध्या शॉकअपला थोडीफार उपयोगी आहे, इलेक्ट्रॉनिक शॉकअपला तिच्यावर भरवसा ठेवू नका. आणि बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही, सोबत बंप स्टॉप आणि वरचं माउंटिंग नवीन, कारण खोलायची मेहनत तीच.

स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र भाग, खोलण्यासाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि ती सुटली तर माणूस जबर जखमी होतो, जीवही जाऊ शकतो. इथे थांबा. हे काम घरी करू नका, व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप

आठवतं, कम्फर्ट आणि स्पोर्टमध्ये फरक जाणवतो का ते लिहून ठेवायला सांगितलं होतं? फरक नसेल तर बहुधा सिस्टीम फॉल्टमध्ये आहे. अशा वेळी कंप्युटर करंट बंद करतो आणि व्हॉल्व्ह एका ठरलेल्या जागी जाऊन बसतो, बऱ्याच डिझाइनमध्ये ती जागा कडक बाजूची ठेवतात, म्हणजे निदान गाडी ताब्यात राहावी. चुंबकीय द्रवाचे शॉकअप, जे २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आले, त्यांचं उलट असतं, करंट गेला की द्रव पातळ होतो आणि गाडी मऊ पडून डोलते. म्हणजे गाडीत कुठलं तंत्र आहे हे माहीत नसताना लक्षणावरून निदान करू नका.

कारण बऱ्याचदा छोटं असतं, चाकाजवळची वायर हालचालीने आतून तुटलेली, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं, उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी निखळलेली. स्कॅनर लावून कुठला कोपरा आहे ते काढा, पण साधा इंजिन कोड वाचणारा स्कॅनर चालणार नाही, चेसिसचं मॉड्युल वाचणारा हवा. कोड शॉकअपचं नाव घेतो म्हणून शॉकअपच खराब असं धरू नका, आधी वायर आणि कनेक्टर मोजून घ्यायला सांगा.

एअर आणि हायड्रॉलिक

एअर सस्पेन्शनमध्ये आराम हवेच्या रबरी पिशवीतून येतो. ती पिशवी जिथे दुमडते तिथे वयाने भेगा पडतात. गाडी सगळ्यात उंच लेव्हलला नेली की दुमड उलगडते आणि भेगा दिसतात, वर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे. पिशवी गळतेय आणि तुम्ही तशीच चालवताय तर कंप्रेसर सतत पळतो, तापतो, शेवटी तोही जातो, आणि एका पिशवीचं काम पिशवी, कंप्रेसर आणि रिले एवढं वाढतं. म्हणून सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसली तर वाट बघू नका. काही नव्या गाड्यांत एका पिशवीत दोन किंवा तीन कप्पे असतात, मऊ चालताना सगळे जोडलेले, स्पोर्टमध्ये वेगळे. मधला व्हॉल्व्ह अडकला की उंची एकदम बरोबर, गळती नाही, तरी गाडी ताठ. हे ओळखायला योग्य स्कॅनरच लागतो.

हायड्रॉलिक सिस्टीमचं तंत्र वेगळं. १९५५ च्या सित्रोएन डीएससारख्या गाड्यांत नायट्रोजन भरलेले गोळे स्प्रिंगचं काम करतात, आणि १९९९ च्या मर्सिडीज सीएल कूपेमध्ये आलेल्या ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोलमध्येही (तेलाच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन) नायट्रोजनचे ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणारे असेच गोळे, आहेत. नायट्रोजन वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो, मग नुसतं तेल उरतं आणि तेल दाबलं जात नाही, त्यामुळे गाडी लाकडी वाटायला लागते. उंची बरोबर, गळती नाही, मेसेज नाही, फक्त दणके. अशा गाडीत हे गोळे हीच पहिली शंका धरा. पण या पाइपांमधला दाब २०० बारच्या आसपास असू शकतो, बारीक भोकातून निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं आणि लगेच ऑपरेशन करावं लागतं. एकही नट घरी ढिला करायचा नाही.

कधी थांबायचं

स्प्रिंग तुटलेली दिसली, टायरच्या बाजूला फुगवटा आला, बॉल जॉइंट हाताने हलतोय, किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढतेय, तर आरामाचा विषय सोडा, गाडी चालवू नका, उचलून न्या. एअरची गाडी पूर्ण खाली बसली असेल तर तीही चालवू नका, टायर मडगार्डला घासतो. आणि हवा, टायर, मोड, उंची एवढं सगळं बरोबर निघून तरी कडक असेल तर तुमचं घरचं काम संपलं, पुढे त्याच कंपनीच्या गाड्यांचं सस्पेन्शन नेहमी करणारा माणूस शोधा.

त्याच्याकडे जाताना लिहिलेली लक्षणं, टायरची साइज आणि तारीख, थंड हवेचे आकडे आणि चार कोपऱ्यांची मापं घेऊन जा, आणि त्याला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर गाडी आदळते तिथेच न्या. तो गाडीत न बसताच "चारही शॉकअप टाका" म्हणाला तर दुसऱ्याला दाखवा. काम झाल्यावर बोल्ट चाकांवर वजन असताना आवळलेत का ते विचारा, अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या, एअर असेल तर उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या, आणि पुढच्या काचेमागे लेन पाहणारा कॅमेरा असेल तर उंची किंवा अलाइनमेंट बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन लागतं का ते कंपनीच्या पद्धतीप्रमाणे बघायला सांगा, हे बरेच गॅरेजवाले विचारल्याशिवाय करत नाहीत.